गोचीड चावली, तोंड आतच राहिलं. आता काय करू?

रानजाई | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

शनिवार-रविवार दोडामार्गजवळ सासरी होतो. काजूचा हंगाम सुरू झालाय, सासरे एकटेच बागेत राबत होते म्हणून शनिवारी मीही टोपली घेऊन गेले. तीन-चार तास पातेऱ्यात बसून काजू वेचले. रविवारी रात्री पुण्यात परत. अंघोळ करताना डाव्या गुडघ्याच्या मागे तिळाएवढं काहीतरी बोटाला लागलं. वाटलं खपली आहे. नखाने खरवडली तर खपलीला पाय!

पुढचा तमाशा असा. नवऱ्याने आधी खोबरेल थापलं, म्हणे गुदमरून सोडेल. दहा मिनिटं झाली, तिने काही सोडलं नाही. मग आईला व्हिडिओ कॉल. ती म्हणाली उदबत्तीचा चटका दे. चटका गोचिडीला कमी आणि मलाच जास्त बसला. शेवटी त्याने नखांत धरून पिळून ओढली. अर्धी हातात आली आणि आत एक काळा ठिपका राहिलाय.

आज कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. "काही होत नाही हो, मलम लावा" एवढंच म्हणाले. कुठून आलात, काय करत होतात, काहीही विचारलं नाही. मला मात्र सासरी ऐकलेला, गोचिडीतून होणारा माकडताप आठवतोय आणि झोप उडालीय.

तो ठिपका काढायलाच हवा का? धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं का? कुठली तपासणी आत्ताच करून घेता येते का?

---

चिमटा | सोमवार, रात्री १०:५१

माझा मेहुणा दिवाळीला आला तो अजून चिकटलेला आहे. खोबरेल, उदबत्ती दोन्ही करून झालं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

ट्रेकवेडा | सोमवार, रात्री ११:०५

मीठ लावायचं ना! आम्ही पावसाळ्यात तंबाखू-मिठाची पुरचुंडी घेऊनच निघतो. टेकवली की दोन सेकंदांत गळून पडते.

---

डॉ_खेडूत | सोमवार, रात्री ११:२०

ट्रेकवेडा, तुम्ही सांगताय ती जळू. जळूचं अंग ओलं आणि उघडं असतं, मिठाने तिचं पाणी ओढलं जातं म्हणून ती सुटते. गोचीड म्हणजे कोळी-विंचवाच्या गोतावळ्यातला आठ पायांचा प्राणी, वरून चिलखत. मिठाचा तिला पत्ताही लागत नाही. पावसाळ्यात जळवा, पावसाळा संपून गवत वाळलं की गोचिड्या, अशी सह्याद्रीत त्यांची पाळी ठरलेली असते.

रानजाई, आधी ठिपक्याचं सांगतो. तो कोरून काढायच्या फंदात पडू नका. गोचिडीच्या तोंडाला मागे वळलेले काटे असतात, गळाला असतात तसे. वरून ती सिमेंटसारखा एक चिकट रस सोडून स्वतःला आत बसवून घेते, म्हणून तोंड तुटतं. पण गोचिडीतले जंतू असतात ते तिच्या लाळेत आणि पोटात, आणि ते धूड तर बाहेर आलंय. राहिलेला तुकडा म्हणजे बाभळीच्या काट्याचं टोक समजा. कातडी आठ-पंधरा दिवसांत तो आपणहून बाहेर ढकलते. साबणाने धुवा, स्पिरिट किंवा आयोडीन लावा. लाली पसरायला लागली, पू झाला तर दाखवा.

तेल, उदबत्ती आणि पिळणं या तिन्हींत तोटा एकच. गोचीड बिथरते किंवा दाबली जाते आणि पोटातलं पुन्हा तुमच्या अंगात ओकते. पुढच्या वेळी (न येवो) टोकदार चिमटा घ्या, कातडीला अगदी टेकवून तिच्या तोंडापाशी धरा, फुगलेल्या पोटाला नाही, आणि न झटकता, न पिळता सरळ वर ओढत राहा. पाच-दहा सेकंद कातडी तंबूसारखी वर येते आणि मग ती सुटते. नंतर जागा आणि हात धुवायचे. बस.

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर त्या निमित्ताने घेऊन टाका, कुठल्याही जखमेला लागू आहे. रक्ततपासणी आज करून काही उपयोग नाही. ताप नसताना काही सापडणारच नाही.

उद्या माकडतापाबद्दल लिहितो, आत्ता ओपीडी संपवून जेवायला बसलोय.

---

शुद्धलेखन_समिती | सोमवार, रात्री ११:३४

गोचीड ती की तो? आमच्याकडे "गोचीड चावला" म्हणतात. धागाकर्तीने आणि डॉक्टरांनी दोघांनीही स्त्रीलिंग वापरलंय.

---

चिमटा | सोमवार, रात्री ११:३६

चिकटून रक्त पितो म्हटल्यावर पुल्लिंगी. माझ्या घरात तरी.

---

पशुवैद्य_काका | मंगळवार, सकाळी ७:१०

लिंगाचा प्रश्न निघालाच आहे तर, गुरांच्या अंगावर टपोऱ्या द्राक्षासारख्या लोंबतात त्या सगळ्या माद्या. नर बारीक, तिच्या आसपास घुटमळणारा. मादी पोट भरलं की गळून पडते, गोठ्याच्या फटीत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. त्यामुळे ती म्हणणाऱ्यांचं पारडं जड.

---

अण्णा_सांगलीकर | मंगळवार, सकाळी ८:०२

काय बाऊ चालवलाय. आम्ही पन्नास वर्षं बैलांच्या, म्हशींच्या गोचड्या हातानं उपटतोय आणि अंगठ्याच्या नखावर चिरडतोय. अंगावर चढली तर चुन्याचं बोट लावायचं, नाहीतर रॉकेल. कुणी मेलं नाही. शहरातल्या लोकांना मुंगी चावली तरी स्कॅन लागतो.

---

पशुवैद्य_काका | मंगळवार, सकाळी ८:४०

अण्णा, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण चिरडणं आता थांबवा ही हात जोडून विनंती. गुजरातमध्ये २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ काँगो ताप निघाला, भारतातले पहिले नोंदलेले रुग्ण ते. पेशंट गेली, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स यांनाही तो लागून तेही गेले. तो विषाणू गुरांच्या गोचिडीत राहतो. जनावराला काही होत नाही, ते मजेत रवंथ करत असतं. माणसाला मात्र चाव्यातून लागतो, तसाच हातावर चिरडलेल्या गोचिडीतून, ताज्या रक्तातूनही लागतो. नखाला चीर असली की झालं.

महाराष्ट्रात तुमच्या गोठ्यातल्या गोचिडीत तो असेलच असं मुळीच म्हणत नाही. पण हातमोजा आणि साबणाच्या पाण्याचा डबा, एवढ्यात काम भागत असेल तर नखाची हौस कशाला? डब्यात टाकायच्या, बुडवून मारायच्या, नंतर जाळायच्या.

आणि जनावरावर औषध मारून गोठा तसाच सोडला तर पैसे पाण्यात. गोचिडीचा मोठा प्रपंच जमिनीत आणि भिंतीच्या भेगांत असतो. भेगा लिंपा, शेण वेळच्या वेळी उचला. दोन-चार गावठी कोंबड्या सोडल्या तर त्या जनावराच्या पायाशी फिरून मटामट टिपतात. हे शास्त्र नव्हे, डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

---

अण्णा_सांगलीकर | मंगळवार, सकाळी ९:१५

कोंबड्यांचं बरोबर आहे. बाकीचं बघतो.

---

दोडामार्गचो | मंगळवार, सकाळी ११:२६

वहिनी, आमच्या तालुक्यात येऊन पातेऱ्यात उघड्या पायांनी बसलात? सासऱ्यांनी तेल दिलं नाही? आमच्याकडे ह्या दिवसांत रानात जाताना आधी तेल चोळूचा, मगे कोयतो घेवचो, असा नियमच झालो हा.

आता मराठीत लिहितो. २०१६ च्या जानेवारीत आमच्या केर गावात माकडं मरून पडायला लागली. पाठोपाठ माणसांना ताप. लोकांना वाटलं डेंग्यू, कुणी म्हणालं लेप्टो. मग कळलं हाच तो माकडताप, शेजारच्या कर्नाटकात वर्षानुवर्षं असलेला. पुढच्या वर्षी बांदा भागात. काजूचा हंगाम आणि ह्या तापाचा हंगाम एकच, डिसेंबरपासून मेपर्यंत. म्हणजे बागेत जायचं नाही म्हटलं तर खायचं काय? बोंडू तर झाडावर राहत नाहीत, खालीच पडतात आणि खालीच गोचीड.

गोचीड अंगावर चढू नये म्हणून आरोग्य केंद्रातून ते डेपा तेल देतात. वास उग्र, अंग चिकट होतं, घामाने उतरलं की पुन्हा लावावं लागतं. म्हातारी माणसं टाळाटाळ करतात. माझा काका म्हणायचा, "तेल लावन काजयेक गेलंय तर काजू पण नाक मुरडतलो." त्याला ताप आला तेव्हा बारा दिवस हॉस्पिटलात काढले, नाकातून रक्त, चालताना झोकांड्या. वाचला. पण महिनाभर हातात कोयता धरवत नव्हता. आता तोच सगळ्यांच्या आधी तेलाची बाटली काढतो.

घरी गेल्यावर कपडे उंबऱ्याबाहेर काढायचे, गरम पाण्यात टाकायचे, आणि अंघोळीत काखा, कंबरेचा नाडा बांधतो ती जागा, गुडघ्यामागे, कानामागे हात फिरवायचा. ही पोरं (लहान गोचिड्या म्हणतोय) खसखशीएवढी असतात, दिसत नाहीत, हाताला लागतात.

---

सत्तरीची_सून | मंगळवार, दुपारी १:०३

दोडामार्गचो यांना दुजोरा. डोंगर ओलांडला की आमची सत्तरी, गोव्यात. २०१५ मध्ये पाळी गावापासून आमच्याकडे सुरुवात झाली. माझ्या नणंदेला झाला होता. सकाळी चुलीपुढे बसलेली बाई दुपारी "कपाळ फुटतंय" म्हणून आडवी, डोळे लाल, पोटऱ्या आणि कंबर अशी दुखत होती की कूस बदलवेना. उलट्या. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली गेल्या होत्या, म्हणून आधी डेंग्यूच धरला. सासूबाईंनी "काजूला जाते, आमच्या वाटेवर माकड मेलं होतं" असं सांगितल्यावर डॉक्टर ताडकन उठले.

एक लक्षात ठेवा. ताप उतरून आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ताप, डोकेदुखी, हात थरथरणं सुरू झालं तर घरी बसायचं नाही. काही जणांना हा दुसरा झटका येतो आणि तो मेंदूवर जातो. नणंदेला नाही आला, पण वॉर्डात एकीला आला होता.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, पुरायचाही प्रयत्न करायचा नाही, आधी कळवायचं. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिड्या उतरून तिथेच पसरतात. म्हणून खात्याचे लोक येऊन त्या जागेभोवती भुकटी मारतात. लोक मात्र हनुमानाचं रूप म्हणून हार घालायला धावतात. मी हात जोडते, पण लांबून.

---

डॉ_खेडूत | मंगळवार, रात्री ९:४८

वरच्या दोघांनी माझं निम्मं काम केलंय.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा शास्त्रज्ञांना धडकी भरली की पीतज्वर भारतात आला की काय. पुण्याच्या संस्थेने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तपासलं तर विषाणू नवाच निघाला. मात्र नात्यातला होता, रशियात वसंतात गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा चुलतभाऊ. मग प्रश्न पडला की सैबेरियाचा भाऊबंद कर्नाटकातल्या मलनाडात कसा? स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावर बसून गोचिड्या आल्या असाव्यात अशी शंका आली. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्षितज्ज्ञ सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांची पक्ष्यांच्या पायांत कडी घालायची मोठी मोहीम उभी राहिली. आपल्याकडच्या पक्षिअभ्यासाला गोचिडीने असा हातभार लावलेला आहे.

रानजाई, तुमच्यासाठी कामाचं एवढंच. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. म्हणजे शनिवारपासून मोजा. मी रुग्णांना दोन आठवडे लक्ष ठेवायला सांगतो, कारण गोचिडीचे बाकीचे आजारही त्यात बसतात. कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करा. ताप आला तर डॉक्टरांपुढे बसल्याबसल्या पहिलं वाक्य हे बोला: "अमुक दिवशी दोडामार्गला काजूच्या बागेत गोचीड चावली." त्यांनी विचारायची वाट बघू नका. पहिल्या आठवड्यात पीसीआर तपासणी होते. या विषाणूवर नेमकं औषध नाही, पण वेळेत दाखल झालं तर पाणी, मीठ, रक्तस्राव यांवर लक्ष ठेवता येतं आणि बहुतेक सगळे वाचतात. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीन ते पाच सांगितलं जातं, ते थोडं नाही. तापात पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

आणि आलेली प्रत्येक गोचीड विषाणू घेऊन येत नाही. बहुतेकींच्या चाव्याने खाजेपलीकडे काही होत नाही. झोपा आता.

जाता जाता: सासऱ्यांना विचारलंत का? ते तर रोज बागेत असतात.

---

जर्सीची_गाय | बुधवार, पहाटे ४:३०

(इथे संध्याकाळ आहे, गैरसमज नसावा.)

न्यू जर्सीत राहून मला गोचिडीवर पीएचडी मिळायला हवी. आमच्या परसात हरणं येतात, पहिल्या वर्षी आम्ही कौतुकाने फोटो काढले, आता त्यांना हाकलतो. इथे लाइम नावाचा आजार. जवळच्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावात १९७५ च्या सुमारास मुलांचे गुडघे एकदम सुजायला लागले, आयांनी पाठपुरावा केला, त्यावरून हे नाव. चावल्यावर काही दिवसांनी नेमबाजीच्या निशाणासारखा लाल गोल उठतो. प्रत्येकाला उठतोच असं नाही.

इथलं गणित वेगळं आहे. गोचिडीला तो जंतू अंगात सोडायला सहसा चोवीस तासांहून जास्त चिकटून राहावं लागतं. म्हणून रोज संध्याकाळी पोरांची झडती हा आमच्या घरात शुभंकरोतीचाच भाग आहे. दीड दिवसाच्या वर चिकटली असेल आणि काढून बहात्तर तास झाले नसतील तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात. रानजाई, तुम्हीही मागून घ्या.

---

डॉ_खेडूत | बुधवार, सकाळी ७:५५

गायबाई, नका मागायला लावू. तो एक डोस तुमच्या हरणाच्या गोचिडीसाठी आणि लाइमच्या जंतूसाठी आहे. माकडताप विषाणूचा, त्याला अँटिबायोटिक लागू नाही. "एक घेऊन ठेवू" म्हणून दोडामार्गच्या गोचिडीला न्यू जर्सीची गोळी चालत नाही.

---

म्युनिककर | बुधवार, दुपारी २:१०

आमच्या बव्हेरियात लाइम आहेच, शिवाय डॉक्टरांनी वर म्हटलेल्या रशियन चुलतभावाचा युरोपातला सख्खा भाऊही आहे. त्याची लस मिळते, तीन डोस, नंतर काही वर्षांनी पुन्हा. मुलाच्या बालवाडीत पालकसभेत पहिला विषय तोच होता. चिमट्याऐवजी इथे क्रेडिट कार्डाएवढं एक कार्ड मिळतं, कडेला खाच असलेलं. खाच गोचिडीखाली सरकवायची आणि उचलायची. माझ्या पाकिटात ते आणि पुण्याच्या ग्रंथालयाचं मुदत संपलेलं कार्ड शेजारी शेजारी आहेत.

माकडतापाला लस नाही का?

---

दोडामार्गचो | बुधवार, दुपारी ३:४०

होती. कर्नाटकात बरीच वर्षं देत होते. परत परत डोस घ्यायचे आणि तरी माणसं आजारी पडायची. आता ती बंद आहे.

---

कोल्हापुरी_पांढरा | बुधवार, रात्री ८:०५

अमेरिकेत म्हणे एक गोचीड चावली की मटण वर्ज्य होतं. मित्राने सांगितलं. अफवाच असणार ना? असू दे देवा.

---

जर्सीची_गाय | बुधवार, रात्री ८:५०

अफवा नाही हो. लोन स्टार नावाची गोचीड, पाठीवर पांढरा ठिपका. तिच्या लाळेतून अल्फा-गॅल नावाची साखर माणसाच्या रक्तात जाते आणि शरीर तिच्याशी वैर धरतं. तीच साखर बोकड, गाय, डुक्कर सगळ्यांच्या मांसात असते. गंमत म्हणजे ॲलर्जी लगेच येत नाही, तीन ते सहा तासांनी येते. व्हर्जिनियातल्या आमच्या एका स्नेह्यांनी रविवारी दुपारी दोन वाट्या रस्सा ओरपला, आणि संध्याकाळी अंगभर गांध्या आणि घसा आवळलेला. दोन वेळा इमर्जन्सीत जाऊन आले तरी दुपारच्या मटणावर कुणाचा संशय गेला नाही. आता ते कोंबडी आणि मासे खातात आणि जुने फोटो बघतात.

---

कोल्हापुरी_पांढरा | बुधवार, रात्री ८:५३

व्हिसाचा अर्ज मागे घेतला.

---

चिमटा | बुधवार, रात्री ८:५९

मेहुण्याचा व्हिसा करून देतोय. व्हर्जिनियाचाच.

---

नाशिकची_मावशी | गुरुवार, सकाळी १०:३०

हसून झालं असेल तर एक अनुभव. भाचा, वय सात. शेतावरच्या घरी सुट्टी, दिवसभर कुत्र्याच्या गळ्यात हात. परत आल्यावर ताप, १०३-१०४. पाच दिवसांत दोन अँटिबायोटिकं बदलली, टायफॉइड नाही, मलेरिया नाही, डेंग्यू नाही. सहाव्या दिवशी अंगावर बारीक पुरळ. एका मोठ्या दवाखान्यात गोवर म्हणाले. तिथल्याच एका तरुण डॉक्टरणीने त्याचे तळहात उलटे केले, मग मोजे काढून तळपाय बघितले. दोन्हीकडे पुरळ. तिने विचारलं, घरात कुत्रं आहे? गोचिड्या आहेत? डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरून पोरगं वरणभात मागायला लागलं. गोचीड-टायफस असं काहीतरी नाव सांगितलं.

बहिणीला कानामागे वाळलेला काळा खवला आठवत होता, तिने मळ समजून काढून टाकला होता.

---

डॉ_खेडूत | गुरुवार, दुपारी १:४०

शाबास त्या डॉक्टरणीची. इंडियन टिक टायफस, रिकेट्सिया जातीचा जंतू. इथे मात्र डॉक्सिसायक्लिन हेच औषध, आणि रिपोर्टची वाट न बघता द्यायचं. मागे विदर्भात गाजला तो स्क्रब टायफस याच्या शेजारचा, पण तो गोचिडीतून येत नाही, त्याहूनही बारीक किड्याच्या चिगर नावाच्या पिल्लातून येतो. त्यात चाव्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग दिसतो.

म्हणजे एकाच चाव्यानंतर एका आजाराला गोळी लागत नाही आणि दुसऱ्याला गोळीवाचून चालत नाही. म्हणूनच चावल्याबरोबर मनाने काही घेऊ नका. ताप आला की मात्र थांबू नका, असं मी बोंबलून सांगतो.

---

रानजाई | शुक्रवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. मला ताप नाही. काळा ठिपका काल टॉवेलला लागून निघाला. गुडघ्यामागे हरभऱ्याएवढी गाठ आहे, खाजते.

पण डॉक्टर, तुमच्या शेवटच्या ओळीने घोळ घातला. मंगळवारी रात्री वाचून मी सासऱ्यांना फोन केला. "मला कसला ताप, पित्त झालंय" म्हणाले. बुधवारी तेच. काल सासूबाईंनी फोन हिसकावून घेऊन सांगितलं की हे तीन दिवस घोंगडी पांघरून पडलेत, कपाळाला ओला पंचा, आणि माझ्याकडून शपथ घेतलीय पुण्याला सांगायचं नाही. काजू पावसासारखे पडतायत आणि हॉस्पिटलात कोण जाऊन बसणार, असा हिशेब. दारामागे तेलाची बाटली भरलेली, सील न फोडलेली.

दोडामार्गचो यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. त्यांनी अर्ध्या तासात तिथल्या आशाताईंना घरी पाठवलं. त्यांनी अंगठा धरून नव्हे, कान धरून आरोग्य केंद्रात नेलं. रक्त घेतलंय, नमुना पुढे गेलाय. प्लेटलेट थोड्या कमी आहेत. नवरा रात्रीच्या गाडीने निघालाय.

---

दोडामार्गचो | शुक्रवार, रात्री ११:४०

काळजी करू नका. आशाताईंनी ह्या तापात आमच्या वाडीतली निदान दहा माणसं अशीच घोंगडीतून उठवून नेली आहेत. तुमच्या सासऱ्यांनी जाताना "काजू कोण वेचतलो" विचारलं. मी वेचतो म्हटलं. तेल लावून.

---

सत्तरीची_सून | शनिवार, सकाळी ६:५०

देवाजवळ सांगणं केलंय. पाणी पाजत राहा, आणि लघवी किती होते त्यावर लक्ष ठेवायला सांगा.

---

अण्णा_सांगलीकर | शनिवार, सकाळी ९:२०

पोरी, म्हातारे असेच असतात, मी पण आहे. त्यांना सांग सांगलीचा एक म्हातारा चिमटा घेऊन आला बाजारातून. तीस रुपये. म्हशीला हातमोजा आवडला नाही, पण करतोय.

चुना चालतो असं मात्र मी अजून म्हणतो.

---

पशुवैद्य_काका | शनिवार, सकाळी ९:३१

अण्णा, चुना पानाला लावा.

---

रानजाई | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

रिपोर्ट आला. माकडताप नाही! डेंग्यूही नाही. ताप रविवारी उतरला, प्लेटलेट वर आल्या, काल घरी सोडलं. डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे जपायला सांगितलंय. सासरे अंगणात खुर्ची टाकून बसलेत आणि दोडामार्गचो काजू नीट वेचत नाहीत अशी तक्रार करतायत.

माझाही अकरावा दिवस, ताप नाही.

आता एकच प्रश्न उरलाय. नवऱ्याने त्या रात्री गोचिडीचा तुकडा पुरावा म्हणून चिकटपट्टीत गुंडाळून होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ठेवला होता. ती बाटली फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी आहे हे मला आज कळलं. सासूबाई येत्या रविवारी येतायत, आणि त्या सर्दीला त्याच गोळ्या घेतात. टाकून देऊ ना?

---

डॉ_खेडूत | मंगळवार, संध्याकाळी ६:४१

चौदा दिवस होईपर्यंत ठेवा. वर लेबल लावा. आणि लोणच्यापासून हलवा, बाई!

---

शुद्धलेखन_समिती | मंगळवार, संध्याकाळी ६:५८

लेबलावर "गोचीड", ची दीर्घ. अनेकवचनात "गोचिड्या", चि ऱ्हस्व.